ड्रमवरचं नाव

काळाचौकीच्या माझ्या दुकानात
हा ड्रम आज पाचव्यांदा आला.

चौऱ्याहत्तर साली लिहिलं होतं
'मधुरंग वाद्यवृंद, १४ कलाकार'.
रंग सुकेस्तोवर डिमेलो
दारातच अकॉर्डियन वाजवत उभा.

मग 'डिस्को मधुरंग'. टिकल्या मी फुकट लावल्या,
कारण शालन वेलणकर हसून म्हणाली,
"माझं नाव जरा मोठं काढा, मास्तर."
काढलं. मालकाच्या नावाहून मोठं.
त्या गणपतीत ती एका रात्री तीन मंडपांत गायली,
साडी टॅक्सीत बदलून.

'मधुरंग पॉप'च्या वेळी नऊ जण.
पुढे चार.
व्हायोलिनवाले सगळे म्हणे
कीबोर्डात जाऊन बसले.
डिमेलो वसईला गेला, तो गेलाच.

आज शालनताई आल्या. घसा बसलेला.
कॅरिओकीचा क्लास काढतायत, नाव हवंय.
म्हटलं, फ्लेक्स करा, स्वस्त पडतो.
"फ्लेक्सवर थाप मारता येते का?"

पॉलिश पेपर घेऊन बसलो.
चाराखाली नऊ निघाला,
नवाखाली, फिकट, १४.
ताईंनी त्यावर बोट ठेवलं,
"बस. इथंच थांबा."

"आणि क्लासचं नाव?"
"काढा खाली कुठंतरी.
बारीक."