बिनडोक्याचं बदक

पहिले अकरा दिवस नुसती काठी.
बांबूची, माझ्या दुपटीहून लांब,
टोकाला काही नाही.
कमरेइतक्या हिरव्या पाण्यात उभं राहून
ती पडद्याखालून पलीकडे सरकवायची,
परत ओढायची.
दिएमकाका काठावर सुपारी चघळत बसतात
आणि डोळे मिटूनच सांगतात, "वाजली."

मी एक्केचाळीस वर्षांची.
भट्टीवर वीस वर्षं कौलं मोजली.
हात माझे मोजायला शिकलेले,
लपायला नाही.

आमच्या गावात ही विद्या मुलींना देत नसत.
मुलगी नांदायला परक्या गावी जाणार,
गाठोड्यातून गुपितही नेणार.
पडद्यामागे काय चालतं
ते बाबांनी आईलासुद्धा सांगितलं नाही.
मला ठाऊक होतं ते इतकंच :
रात्री ते घरी यायचे,
तळपायांची कातडी भिजल्या कागदासारखी,
तोंडाला आल्याचा, मासळीच्या खारट अर्काचा वास
(थंडी बाधू नये म्हणून वाटीभर पिऊनच उतरायचे)
आणि मी दिव्याशी बसून
त्यांच्या पोटऱ्यांवरच्या जळवा मीठ लावून सोडवायचे.
त्या खेळात माझा वाटा एवढाच.

आता मुलगे फोनच्या कारखान्यात.
पडद्यामागे काठ्या सहा, माणसं चार.
दिएमकाका दारात येऊन उभे राहिले,
बराच वेळ कोंबड्यांच्या रोगाबद्दल बोलले,
मग म्हणाले,
"रबरी विजार मी देईन. येतेस का?"

बाराव्या दिवशी बदक मिळालं.
उंबराच्या लाकडाचं, हलकं,
रोगण उडालेलं,
आणि मान जिथे सुरू व्हावी तिथेच संपलेलं.
"डोकं?"
"डोकं मागाहून. डोकं असलं की
शिकणारा सगळं त्याच्यावरच टाकतो."

बुडालं. उलटं झालं. पडद्यात अडकलं.
एकदा तर वळून माझ्याकडेच आलं,
गोठ्याकडे वासरू यावं तसं.
रात्री खांदा असा धरायचा
की भाताची वाटी डाव्या हाताने.
चुकतंय कुठे, मी विचारायचे.
"मला काय विचारतेस? मीही मागेच आहे."
खरंच, मागून दिसतं काय?
बांबूच्या फटी, उजेडाच्या चिरा,
आपल्याच काठीचं टोक,
तेही पुरतं नाही.

त्या दुपारी पलीकडच्या पायरीवर मीत बसला होता.
मीत म्हणजे फणस; खरं नाव शाळेत असेल.
उकडलेल्या शेंगा फोडत होता.
मी बदक सोडलं, मध्यावर थांबवलं,
मनगट जरासं
(किती, ते अजून सांगता येत नाही)
सैल केलं.
आणि पडद्यापलीकडून आवाज आला,
"ए, ते बदक मागे का बघतंय?
त्याचं कोण राहिलंय?"

डोकं नव्हतं त्याला.

मी तशीच उभी, कमरेपर्यंत गार.
जळवा काढताना बाबा नेहमी
तळ्याच्या दिशेला तोंड फिरवून बसायचे.
मला वाटायचं, दुखतं म्हणून.

काकांनी सुपारी थुंकली.
"उद्या डोकं लावू."

लावलं.
दगडासारखं बुडालं.