उसण

"सुईत औषध नसतं," आयल्सा म्हणाली,
"कोरडीच असते ती."
मग काय असतं, विचारायचं होतं.
पण पालथ्या माणसाचं तोंड
टेबलाच्या भोकात असतं,
तिथून दिसतात फक्त तिचे मोजे.
एक अंगठ्यापाशी विरलाय.

गोर गाव, बँकेच्या वरचा मजला.
मी तामिहाना, वय एकोणसाठ,
एकेचाळीस हंगाम कमरेतून वाकलेला.
किती मेंढ्या कातरल्या, ते मालकांच्या वह्यांत आहे,
आणि थोडं इथे, उजव्या खुब्याच्या वर,
जिथे तिचा अंगठा येऊन थांबलाय.

"हीच का गाठ?"
हीच.
बायको गरम पाण्याची पिशवी घेऊन
वर्षानुवर्षं आसपास फिरली बिचारी.

टिचकी वाजली. सुई आत.
काहीच नाही.
अजून थोडी आत.
काहीच नाही, आणि मग
स्नायू उडाला.
मी नाही उडवला. आपला आपणच,
माताउरा नदीच्या गाळात ईल अंग उलटते तसा.
माझ्या पाठीत माझ्याशिवाय
कुणीतरी राहत होतं तर.

ही उडी ओळखीची आहे.
मशीन पोटावरून जांघेकडे वळतं
तेव्हा मेंढीचं कातडं अस्संच थरथरतं.
तेव्हा आवळायचं नाही. आवळली की झगडते.
गुडघा तिच्या बरगडीला टेकवायचा,
आपलं वजन थोडं मागे घ्यायचं,
मग ती कलंडते, पाय सैल सोडते,
आणि कुठेतरी लांब बघत बसते.
बापाने एवढंच शिकवलं. बाकी सगळं धार लावणं.

आयल्साचा डावा तळवा माझ्या पाठीवर आहे.
टेकवलेला. दाबलेला नाही.
हिला कुणी शिकवलं?

"श्वास रोखून धरलायस," ती म्हणते.
सुई मलाही येते, मी भोकातून सांगतो,
चिरलं तर टाके घालतो, खिशात दोरा असतो.
ती हसते. मोजे हसत नाहीत.
दुसरी सुई. कळ थेट पोटरीत.
मेंढीची क्षमा मागावीशी वाटते,
पण कुठल्या? त्या हजारोंनी होत्या.

"उद्या ठणकेल. पाणी पी. वाकू नकोस."
वाकू नकोस म्हणे. सोमवारी डिप्टनला शेड सुरू होतंय.

जिना उतरतो, कठडा धरून.
कातरलेली मेंढी उतारावरून बाहेर सुटते
तेव्हा समोर काही नसताना एक उडी मारते.
का, ते मला एकेचाळीस वर्षांत कळलं नाही.

शेवटची पायरी मी गाळली.
मग मागे वळून पाहिलं,
कुणी बघितलं तर नाही.