दीड प्रवासी

तोर्शहावनच्या या लाकडी सभागृहात
तेहेतीस खुर्च्या, आणि एक माझी.
माझी मोजत नाहीत.
एकोणतीस नोव्हेंबर मी या टेबलाशी बसून
लोकांची वाक्यं उतरवतेय.
मधूनच तुळया कुरकुरतात;
ते इतिवृत्तात घ्यायचं नसतं.

आज अंदाजपत्रकाचं दुसरं वाचन.
शाळांना सव्वा तास मिळाला, समुद्राखालच्या बोगद्याला तीन,
माशांवरच्या कराने जेवणाची सुट्टी गिळली.
रात्री साडेनऊला, अर्धे जण जांभया दाबत असताना,
आली बाब सतरा:
लांगाहोल्म बेटाची बोट, हिवाळी फेऱ्या,
आठवड्याला तीनऐवजी एक.
बचत दोन लाख चाळीस हजार क्रोनर.

बोगद्याच्या रंगालाही तेवढ्यात हात लागत नाही.
हे माझं मत. ते कुठेच लिहिलेलं नाही.

वित्तमंत्री तोरालवुर म्हणाले,
अध्यक्ष महोदय, अंथरूण पाहून पाय पसरायचे असतात;
दर फेरीला सरासरी दीड प्रवासी.
विरोधी बाकांवरून सुन्वा उठली, स्वेटरच्या बाह्या वर सारत:
त्या अर्ध्याचं नाव सांगता का?
(हशा.)

हशाला एकच शब्द आहे आमच्याकडे.
कोण पोटातून हसलं, कोण शेजारी हसला म्हणून,
आणि कोण कागदांत बघत राहिलं,
सगळं त्याच कंसात.

मला नाव ठाऊक होतं.
सोफुस, माझ्या मावशीचा मुलगा,
फेब्रुवारीत छाती धरून बोटीत चढला,
येण्याजाण्याचं तिकीट काढून.
इस्पितळाने कपड्यांची पिशवी दिली, त्यात ते सापडलं,
जायचा तुकडा फाडलेला,
यायचा तसाच.
मी किल्ल्या दाबत राहिले. माझा वेग
मिनिटाला एकशे ऐंशी शब्द आहे,
आणि त्यातला एकही माझा नाही.

मग समितीचे अध्यक्ष बाउरवुर उभे राहिले.
बँका बुडाल्या त्या वर्षी
याच माणसाने याच बोटीसाठी
टेबलावर मूठ आपटली होती.
निम्मी गल्ली तेव्हा डेन्मार्कला निघून गेली होती,
इतिवृत्तात त्या हिवाळ्यात हशा जवळजवळ नाही.
तळघरात आहे ते वाक्य, तिसऱ्या कपाटात:
'शेवटच्या घरापर्यंत जो जात नाही, तो रस्ता नव्हे.'
आज ते म्हणाले,
शेवटच्या घरासाठी रस्ता कुठवर न्यायचा?
आवाज तोच. घसा खाकरायची जागासुद्धा तीच.
मला राग आला नाही.
मी त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं, तेही लिहायचं नसतं.

होकार सतरा, नकार चौदा,
दोघे गैरहजर. बाब मंजूर.
पुढची बाब: दीपगृहांची रंगरंगोटी.

सकाळी मंत्र्यांच्या कचेरीतून दुरुस्तीचा कागद आला.
बाराच्या आत सदस्य आपलं बोलणं नीट करून घेऊ शकतात,
पण फक्त व्याकरण, अडखळणं, चुकलेलं आडनाव.
नीटस अक्षरात लिहिलं होतं:
'दीड प्रवासी'ऐवजी 'एक ते दोन प्रवासी' असे वाचावे.

मी नियम काढून वाचला, पाठ असूनही.
चहा केला. खिडकीतून बंदर दिसतं,
बोट बांधलेली होती, आज तिचा वार नव्हता.
मग समासात तांबड्या पेन्सिलीने शेरा मारला:
अमान्य, अर्थ बदलतो.
आणि खाली सही, मार्युन,
जरा नेहमीपेक्षा मोठी.