कोरं पाणी

मोजणीवाल्यानं विचारलं, नदीचा काठ कुठला धरू?
देउसिमार म्हणाला, कुठल्या महिन्यातला?
मग होडीतूनच दाखवली त्याला
खोडावरची तपकिरी रेघ,
उभ्या वल्ह्याच्याही वर दोन पुरुष.
जूनमध्ये आपण तिथं बसलो असतो,
आणि मासे फळं खात हिंडले असते
आत्ता तो पोपट आहे त्या फांदीत.

मोजणीवाल्यानं वहीत काहीतरी लिहिलं. खोडलं.

नेग्रो म्हणतात, पण ओंजळीत घेऊन बघा,
कोऱ्या चहासारखी.
आणि कोऱ्या पाटीसारखीच:
गाळ नाही, चुना नाही,
कुठल्या डोंगरानं हिच्या पदरात काही टाकलंच नाही.
तळाला पांढरी वाळू, मिठासारखी, अळणी.
जंगल गळलेली पानं भिजत घालतं,
त्या काढ्यावर सगळं चाललंय.
डास कमी. कसावाचे कंद करंगळीएवढे.
देउसिमारची आई म्हणायची,
उपाशी आहे बिचारी, पण चावत नाही.

खाली मनाऊसपाशी हिला मोठी गढूळ नदी भेटते.
दोघी मैलोन्‌मैल शेजारून जातात,
अबोला धरलेल्या जावा.

देउसिमार पकडतो पेराएवढे मासे,
निळ्या रेघेचे, लाल पोटाचे.
लुझिनेई मोजते, शंभरात एखादा जास्तच टाकते,
वाटेत मरतो म्हणून.
बार्सेलोसचा धक्का, रात्रीची बोट, विमान,
मग काचेची पेटी
कुठल्याशा थंड गावात, दातांच्या दवाखान्यात.

एजंट एकदा सांगत होता,
नितळ पाण्यात फिके पडतात तिकडे.
मग लोक वाळकी पानं विकत आणतात,
उकळतात, गाळतात,
पेटीत ओततात.

लुझिनेई इतकी हसली की पीठ सांडलं.
पानं? विकत?
सांडलेलं भरताना गप्प झाली.
मग म्हणाली, विचार त्यांना,
गार करून ओततात ना?

मोजणीवाला रात्री त्यांच्याकडेच झोपला, हॅमॉकमध्ये,
वही छातीवर.
निजण्याआधी पाण्याला लागून एक खुंटी ठोकली होती त्यानं,
लाल फडकं बांधून.

सकाळी खुंटी कोरडी,
नदी हातभर लांब.
देउसिमार काही बोलला नाही.
त्याला चहा दिला. बिनदुधाचा.