खांब क्रमांक एकशे बारा

छापील फॉर्मवर पत्त्यासाठी दोन ओळी आहेत,
दोन्ही सकाळपासून रिकाम्या.

शिवाजीनगर कोर्टाच्या जिन्याखाली
ती उकिडवी बसलीय, बाकड्यावर जागा असून.
नाव? सुनारी बिट्या भोसले.
वय? माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली,
तुमच्याएवढी लिवा.

गुन्हा : एक कुकर, तीन लिटर, शिट्टीसकट.
कबूल? व्हय.
का घेतला, असा रकानाच नाही फॉर्ममध्ये,
तरी मी विचारते.
"डाळ बिगीनं शिजती. दिस असतानाच चूल इझवावी लागती, बाई.
अंधारात जाळ दिसला की गाडी येती."

पूर्वेतिहास.
ठाण्यातून आलेल्या कागदावर सासूचं नाव आहे,
सासूच्या सासूचं आहे,
एका नणंदेचं, जी वारून नऊ वर्षं झाली.
हिचं स्वतःचं कुठंच नाही.
हे मी लाल पेनानं लिहिलं, मग वाटलं
लाल नको, आणि वरून निळ्यानं गिरवलं.

इथून येरवडा रिक्षानं वीस मिनिटं.
महिला बराकीत मी दर गुरुवारी जाते.
पवार, काळे, भोसले, चव्हाण, पुन्हा काळे,
पालंच्या पालं उचलून कुणी आत ठोकल्यासारखी.
जामीन मंजूर झालेल्याही तिथेच बसून आहेत,
पंधरा हजारांचा जामीनदार कुठल्या झाडाला लागतो?

अहवाल साडेपाच पानं झाला.
शेवटी लिहिलं, कैद नको, हमीवर सोडावं.

न्यायाधीश मॅडमनी वर बघितलं.
कायद्याला ठरलेला ठावठिकाणा लागतो.
मी तोंड उघडायच्या आत सुनारी पुढे झाली :
"नगर रोड. मेट्रोचा खांब. एकशे बारा."
"तिथे पत्र पोचेल का?"
"पोलीस पोचत्यात की."

मागे कुणीतरी हसलं. टायपिस्टचे हात थांबले.
मॅडमनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ,
मग म्हणाल्या, घ्या लिहून.

अंगठा देताना तिनं डावा पुढे केला,
कुणी न सांगता कडेपासून कडेपर्यंत फिरवला.
किती वेळा दिलाय, मी विचारलं नाही.

बाहेर आल्यावर तिचा एकच प्रश्न : कुकर?
मुद्देमाल आहे तो, दुकानाला परत जाईल.
"मंग ऱ्हाऊ द्या."

पहिली भेट मंगळवारी. मी वेळ लिहिली, रात्री आठ.
"त्या वक्ताला आमच्यात जाळ नसतो, बाई."
म्हटलं, त्या दिवशी ठेवा.