अठ्ठावीस भोकं

शिबिराची यादी फ्रिजवर चिकटवलेली:
टॉर्च, दोरी, ताट-वाटी,
आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित,
'स्वतः बनवलेली चूल. विकत आणू नये.'
निनादने ती मला वाचून दाखवली
माझ्या नावाचं समन्स असल्यासारखी.

माळ्यावरून चिवड्याचा डबा उतरला.
मोठा, पत्र्याचा, कुठल्याशा दिवाळीचा.
त्यात मी सुतळी, जुन्या किल्ल्या
आणि कशाचे ते आठवत नाही असे स्क्रू ठेवते.
सगळं परातीत ओतलं.
आतला डबा कंडेन्स्ड मिल्कचा,
त्याच्याच वाढदिवसाच्या केकमधून उरलेला.
झाकण मधोमध गोल कापलं,
त्यातून छोटा मोठ्यात दाबून बसवला.
मध्ये चहूकडून बोटभर फट.
"ही कशाला?"
"वाऱ्याला."

मी सातपूरला प्रेस शॉपमध्ये
सोळा वर्षं पत्र्याला भोकं पाडते.
पाळीला साडेतीन हजार, सगळी एका मापाची.
ती पुढे कुठल्या पंख्यात जातात, कुठल्या मीटरमध्ये,
मला कुणी सांगितलेलं नाही.
पण खिळा-हातोडी घेऊन घरच्या फरशीवर बसले
तर पहिलंच भोक वाकडं गेलं
आणि निनाद खो खो हसला.
"हसू नको. लाटणं आण."
लाटणं डब्यात सरकवलं, पत्र्याला पाठ मिळाली,
मग खिळा मुकाट बसू लागला.

भोकं त्याने फक्त वरच्या काठाला आखली होती.
बारा. पेन्सिलने, कर्कटक लावून.
खाली का नाहीत?
"खालून राख सांडेल. आणि वरची छान दिसतात."
मला माहीत होतं.
मी काही बोलले नाही.

गच्चीवर पेटवली.
काड्या द्राक्षाच्या, मखमलाबादच्या मावशीकडच्या,
छाटणीनंतर बांधावर पडलेल्या, खडखडीत वाळलेल्या.
तरी नुसता धूर.
कापडणीस वहिनींच्या चादरी दोरीवर होत्या,
त्या जिन्यातून बोलतच वर आल्या.
निनाद फुंकत राहिला, डोळे लाल,
आणि चूल विझली, विझली, परत विझली.
शेवटी त्याने ती माझ्याकडे सरकवली,
माझ्याकडे न बघता.
"गार होऊ दे," मी म्हटलं, "मग पालथी कर."

आठ भोकं आतल्या डब्याच्या बुडाला,
आठ बाहेरच्याच्या पायाशी.
यावेळी हातोडी त्याच्या हातात,
लाटणं माझ्या.

दुसऱ्यांदा काडी लावली.
आधी धूर, तसाच.
मग दोन पत्र्यांच्या फटीतून वारा तापत वर चढला,
वरच्या भोकांमधून आत शिरला,
आणि धूरच पेटला.
बारा ज्योती, काठाला गोल.
धूर कुठे गेला म्हणून निनाद वाकून बघत होता.
मी त्याचे केस मागे ओढले.

रामशेजला दोन रात्री राहून
तो रविवारी संध्याकाळी आला.
चूल आतून-बाहेरून काळी, पिशवीत तळाशी,
ओल्या मोज्यांमध्ये.
"मॅगी झाली," म्हणाला.
"दोघांच्या पेटतच नव्हत्या.
मी त्यांचे डबे पालथे केले."
एवढंच. आणि झोपला, पायांतली माती न धुता.
चूल कुणी बनवली, सरांनी विचारलं का,
हे मीही विचारलं नाही.

मंगळवारी दुसरी पाळी.
घरी यायला साडेअकरा.
गॅस होता, दूध होतं, ओट्यावर सगळं होतं.
तरी मी पातेलं आणि चूल घेऊन गच्चीवर गेले.
पांडवलेण्याचा डोंगर काळाच्या जागी काळा,
सातपूरकडे दिवे.
मूठभर काड्या. एका माणसाचा चहा.
कुणी उठून मागितला नाही,
कुणी साखर किती विचारलं नाही.

ज्योती मोजल्या. बारा.
अकरा सरळ, आतल्या बाजूला.
एक जरा तिरकी,
पहिल्या भोकातली.