अडतीस मीटर

आमच्या सोसायटीचं पार्किंग
गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत
एकेचाळीस मीटर भरतं.
मागच्या शनिवारपर्यंत मला हे माहीत नव्हतं.

त्याआधी तीन आठवडे
टेबलावर दोन माहितीपत्रकं पडून होती,
एकावर वरणाचा डाग.
एक मोठ्या जहाजाचं : चौदा मजले, घसरगुंड्या,
रात्री दोनलाही पिझ्झा,
मुलांचा वेगळा मजला, तिथे पालकांना मज्जाव.
दुसरं लहानाचं : बावीस प्रवासी,
जेवायला सगळ्यांना मिळून एकच टेबल,
मंगळूरहून निघून बेटांकडे, आठ दिवस.
खाली बारीक अक्षरांत :
नेटवर्क मिळेलच असं नाही.

टिळक रोडवरच्या ऑफिसात चित्रेबाई म्हणाल्या होत्या,
"पंधरा-सोळाचं मूल असलं की मोठंच घ्या.
तुम्ही तुमच्या सुट्टीवर, ते त्यांच्या."
मला हसूच आलं.
त्यासाठी जहाज कशाला?
सहकारनगरातल्या आमच्या दोन खोल्या
दीड वर्ष हेच तर करतायत.
भिंतीपलीकडे तो, अलीकडे मी,
मध्ये वायफायचा हिरवा दिवा.

नाव मीच ठेवलं, कैवल्य.
आता तक्रार कुणाकडे करणार.

मला लहान जहाज हवं होतं. ते लपवलं.
बँकेत करते तसा तुलनेचा तक्ता केला,
दोन्ही बाजू अगदी निःपक्षपाती.
त्याने अंगठ्याने तो वर सरकवला
आणि म्हणाला, "तुझं ठरलंय ऑलरेडी."

मग शनिवारी जेवताना
ताटातल्या मटकीशी बोलावं तसा :
"आणि भांडण झालं तर?
तर मी जाऊ कुठे?"

भांडायचंच कशाला, असं म्हणता आलं असतं.
नाही म्हटलं.
मागच्या वेळी तो पर्वतीवर जाऊन बसला होता
रात्री साडेनऊपर्यंत,
आणि मी गच्चीत उभी, टेकडीवरचे दिवे मोजत.
समुद्रात पर्वती नसते.

"लांबी किती आहे त्याची?"
"अडतीस मीटर."

खरकट्या हाताने उठला.
टेप सापडली, खडू सापडला, टेपचं एक टोक
माझ्या हातात दिलं, "घट्ट धर."
किती महिन्यांनी आम्ही
एकाच वस्तूची दोन टोकं धरली होती.
गायकवाडमामा बॅटरी घेऊन आले,
काय हरवलंय विचारलं,
आणि न सांगताच उजेड धरून उभे राहिले.

नाळ गेटापाशी. शेपूट राजगुरूंच्या अ‍ॅक्टिव्हाच्या पुढे.
तीन मीटर उरले, तो म्हणाला, हा धक्का.
मग केबिन आखली : दोन पलंग, मध्ये हातभर वाट.
आणि आडवा झाला फरशीवर, मोजून बघायला.
पाय भिंतीच्या रेघेबाहेर.
हा एवढा लांब केव्हा झाला?

"हा कोपरा माझा," पुढच्या डेकवर त्याने गोल काढला,
"भांडण झालं की मी इथे, तू इंजिनाकडे.
कमीत कमी एक तास. मागून यायचं नाही."
"जेवायला हाक मारली तर?"
खडू बोटांत फिरवत
त्याने बराच विचार केला.
"हाक चालेल."

अजून हो म्हणालेला नाही.
गुरुवारपर्यंत पैसे भरायचेत, आणि रक्कम
लहान जहाजाचीच जास्त आहे,
हेही मी तक्त्यात शेवटच्या ओळीत टाकलं होतं.
उलटीवरची गोळी कुठली चांगली,
एवढा एक मेसेज आला काल, भिंतीपलीकडून.

आज सकाळी कामावर निघताना बघितलं,
केबिनवर कुणाची तरी व्हॅगनआर उभी,
इंजिन पुसून गेलेलं.
गोल मात्र शाबूत होता.
उशीर झाला होता, सरळ गेटाकडे जायचं
तर वाट त्यातूनच होती.

मी वळसा घालून गेले.